नसलेल्या फाइलचे २१४ कोटी बाइट

मी कवितासंग्रहांची परीक्षणं लिहिते आणि पोटासाठी कोड लिहिते. हा लेख परीक्षणच आहे, पण कवितेचं नाही. बिल्ड मोडल्यावर पडद्यावर जो मजकूर येतो आणि तो मोड दुरुस्त करायला आपण जो मजकूर लिहितो, त्या दोन्हींचं आहे.

एवढं वाचून ‘हे आपल्यासाठी नाही’ असं वाटलं असेल तर जरा थांबा. कोड येत नसला तरी चालेल. लिहिणाऱ्याने आपल्याला डोळ्यांसमोर न ठेवता लिहिलेलं वाचायची सवय असली की पुरे. फॉर्ममधल्या ‘मिडल नेम’च्या चौकटीत वडिलांचं नाव घातलेल्या प्रत्येकाला ती असतेच.

कुठला हायकू?

हायकू म्हटलं की तुम्हाला शिरीष पै आठवतील. हा जपानी काव्यप्रकार मराठीत त्यांनी रुजवला. मी म्हणतेय तो हायकू मात्र एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे. विंडोज, मॅक, लिनक्स अशा रांगेत पार शेवटी उभी असलेली.

नव्वदच्या दशकात बी नावाच्या कंपनीने बीओएस काढली. २००१ मध्ये ती कंपनी पामने विकत घेतली आणि बीओएस तिथेच थांबली. तिच्या चाहत्यांनी त्याच वर्षी ती मुळापासून पुन्हा लिहायला घेतली. २००४ मध्ये या कामाला हायकू हे नाव मिळालं. पहिली अल्फा आवृत्ती २००९ मध्ये आली, पहिली बीटा २०१८ मध्ये आणि पाचवी बीटा २०२४ मध्ये. हे सगळं बहुतांशी स्वयंसेवकांनी केलेलं काम.

नाव कवितेवरूनच आलं. बीओएसमध्ये नेटपॉझिटिव्ह नावाचा ब्राउझर होता. एखादं पान उघडता आलं नाही की तो ते हायकूत सांगायचा. एरर मेसेज तीन ओळींच्या कवितेत!

माझ्याकडे एक जुना लॅपटॉप पडून होता. त्याच्यावर मी हायकू टाकली. यंत्र पटकन सुरू झालं, खिडक्या झरझर उघडल्या, मी खूश. मग मला रोज लागणाऱ्या एका छोट्या भाषेचा कंपायलर त्यावर हवासा वाटला. त्या कंपायलरचं नाव इथे सांगत नाही, कारण अशाच चुका दुसऱ्या शंभर ठिकाणी सापडतील. तयार पॅकेज नव्हतं. म्हणजे सोर्स कोड आणून स्वतः बिल्ड करायचं. एका संध्याकाळचं काम, असं मी धरलं होतं. सहा आठवडे गेले.

हिंजवडीत नोकरी करणारा माझा मामेभाऊ म्हणाला, “ताई, एवढा वेळ घालवण्यापेक्षा लिनक्स टाक की.” सल्ला चुकीचा नव्हता. मी तो का ऐकला नाही, त्याचं उत्तर पुढे येईल.

कंपायलरच का महत्त्वाचा?

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम. तो स्वतःही एक प्रोग्रॅमच असतो. त्यामुळे त्यालाही आधी दुसऱ्या कोणीतरी कंपाइल करावं लागतं.

जीसीसी हा सगळ्यात प्रसिद्ध कंपायलरांपैकी एक. रिचर्ड स्टॉलमनने तो १९८७ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केला. तो बिल्ड होताना सहसा तीन फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत यंत्रावर आधीपासून असलेला कंपायलर नवा जीसीसी तयार करतो. दुसऱ्या फेरीत हा नवा जीसीसी स्वतःचाच सोर्स पुन्हा कंपाइल करतो. तिसऱ्या फेरीत दुसऱ्या फेरीतला जीसीसी तेच काम परत करतो. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतल्या फाइली ताडून पाहिल्या जातात. त्या जुळल्या नाहीत तर काम तिथेच थांबतं. आपणच तयार केलेला आपला वारस आपल्यासारखा निघतो का, याची ही परीक्षा.

एखाद्या सिस्टिमवर कंपायलर चालत नसेल तर तिच्यासाठीचा प्रत्येक प्रोग्रॅम दुसऱ्या सिस्टिमवर तयार करून आणावा लागतो. घर आपलं, पण चूल शेजाऱ्याकडे. म्हणून स्वतःच्याच अंगावर स्वतःला बिल्ड करता येणं हा अशा सिस्टिमच्या आयुष्यातला मोठा टप्पा असतो. हायकूने तो पहिल्या अल्फाच्या आधीच गाठला होता.

हायकूच्या ३२ बिट आवृत्तीत तर दोन कंपायलर नांदतात. एक आधुनिक जीसीसी आणि एक २००१ मधला जीसीसी २.९५.३. जीसीसी ३ पासून सी प्लस प्लसच्या तयार फाइलींची अंतर्गत मांडणी बदलली. त्यामुळे बीओएसच्या काळातले जुने प्रोग्रॅम नव्या कंपायलरच्या लायब्रऱ्यांशी जोडले जात नाहीत. ते प्रोग्रॅम चालत राहावेत म्हणून हा जुना कंपायलर आजही सांभाळला जातो. मी वापरत होते ती ६४ बिट आवृत्ती, तिच्यात ही कसरत नाही. पण या सिस्टिमचा स्वभाव कळायला एवढं पुरे.

तीन वाक्यांचं परीक्षण

आता मजकुराकडे वळू. माझं बिल्ड पहिल्यांदा मोडलं ते अगदी दारातच. बिल्डच्या सुरुवातीला कॉन्फिगर नावाची एक स्क्रिप्ट यंत्राची चौकशी करते. तिच्या हाताखाली आणखी एक स्क्रिप्ट असते, कॉन्फिग.गेस. नावाप्रमाणे ती अंदाज बांधते: आपण कुठल्या सिस्टिमवर आहोत? माझ्या सोर्समधली प्रत इतकी जुनी होती की तिला ६४ बिट हायकू माहीतच नव्हती. संदेशाचा आशय असा: कुठली सिस्टिम आहे ते ओळखता येत नाही, तुम्हीच सांगा.

हे वाक्य मला आवडलं. त्यात आपल्याला काय येत नाही याची कबुली आहे आणि पुढे काय करायचं तेही आहे. मी स्क्रिप्टची ताजी प्रत आणून ठेवली. तिने यंत्राला नाव दिलं: एक्स८६_६४-अननोन-हायकू.

‘अननोन’ वाचून मी दुखावले. नावातच अनोळखी! मनात लेखाचा अर्धा परिच्छेदही तयार झाला, उपेक्षितांविषयी वगैरे. मग कळलं की ती जागा यंत्र बनवणाऱ्याच्या नावाची असते आणि लिनक्सच्या नावातही तिथे कित्येकदा ‘अननोन’च असतं. तो परिच्छेद मी टाकून दिला. ज्याला आधीच वाईट वाटायचं ठरलेलं आहे, त्याला कुठल्याही ओळीत अपमान सापडतो. कवितेच्या परीक्षणात मी हे अनेकदा केलं असणार, तिथे मला पकडणारं कोणी नव्हतं.

दुसरं वाक्य लिंकरचं. त्याचा मथितार्थ: ‘सॉकेट’चा उल्लेख आहे, पण व्याख्या सापडत नाही. सॉकेट हे नेटवर्कवरून बोलण्याचं फंक्शन. लिनक्सवर ते मुख्य सी लायब्ररीतच असतं, म्हणून वेगळं काही मागावं लागत नाही. हायकूवर ते लिबनेटवर्क या वेगळ्या लायब्ररीत आहे. उलट गणिताची फंक्शनं आणि थ्रेड हायकूच्या मुख्य लायब्ररीत, लिबरूटमध्येच आहेत. म्हणजे सामान तेच, फडताळं वेगळी. लिंकरचं वाक्य कोरडं आहे, पण खरं आहे. काय हवंय ते नेमकं सांगतं, कुठे मिळेल ते सांगत नाही, कारण त्याला ते ठाऊक नसतं. नेटपॉझिटिव्हच्या कवितेपेक्षा मला हे वाक्य उजवं वाटतं. ती कविता पान न मिळाल्याचं दुःख हलकं करते. हे वाक्य दुरुस्तीची जागा दाखवतं.

तिसरं वाक्य सगळ्यात लहान आणि सगळ्यात वाईट. कॉन्फिगर एकेक गोष्ट तपासताना उत्तर छापत जाते: हे आहे का? येस. ते आहे का? नो.

या ‘नो’मध्ये दोन वेगळे अर्थ लपतात. एक, ती गोष्ट खरंच नाही. दोन, मी विचारलेला प्रश्नच मोडला. कॉन्फिगर विचारते म्हणजे काय करते? एक चिमुकला प्रोग्रॅम लिहून कंपाइल करून बघते. तो झाला तर येस, नाही झाला तर नो. पण तो चिमुकला प्रोग्रॅम जुन्या वळणाचा असेल तर? जुन्या सीमध्ये फंक्शनच्या परतीचा प्रकार लिहिला नाही तरी चालायचं. सीच्या १९९९ च्या मानकाने ती मुभा काढून घेतली, तरी कंपायलर बरीच वर्षं नुसती सूचना देऊन सोडून देत होते. २०२३ मधल्या क्लँग १६ ने आणि २०२४ मधल्या जीसीसी १४ ने ती थेट चूक ठरवली. तेव्हापासून जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टांचे कित्येक प्रश्न प्रश्नातल्याच चुकीमुळे नापास होतात. छापलं मात्र जातं ‘नो’. फंक्शन तिथे बसलेलं असतं, आणि स्क्रिप्ट ते नाही असं मानून पुढे जाते. बिल्ड मोडतं ते हजार ओळींनंतर, भलत्याच ठिकाणी.

खरी हकीकत असते ती कॉन्फिग.लॉग या फाइलमध्ये. स्क्रिप्टने कुठला प्रोग्रॅम लिहिला, कुठल्या आज्ञेने कंपाइल केला, कंपायलर काय म्हणाला, सगळं त्यात जसंच्या तसं. बिल्ड मोडलं की आपण शेवटची ओळ वाचतो. लॉग उघडून पहिला खोटा ‘नो’ शोधावा. ते कंटाळवाणं असतं, पण वेळ तिथेच वाचतो.

माझा खोटा पॅच

हे सगळं पार करून मी सोर्सच्या आत पोचले. तिथे एक परिचित भिंत होती. लिनक्स असेल तर हे कर, मॅक असेल तर ते कर, विंडोज असेल तर तिसरं कर, आणि यांपैकी काहीच नसेल तर: ही सिस्टिम चालणार नाही. पूर्णविराम.

मी काय केलं ते सांगते. लिनक्सच्या ओळीत ‘किंवा हायकू’ एवढं घातलं. म्हणजे कोडला सांगितलं, हायकू दिसली तर तिला लिनक्सच समज. बिल्ड पुढे सरकलं आणि पूर्ण झालं. रात्रीचे दोन वाजले होते. मी ती एक ओळ पॅच म्हणून मूळ प्रकल्पाकडे पाठवून दिली. सकाळी उठेपर्यंत ती स्वीकारलीही गेली होती. मी चहा पीत मामेभावाला फोटो पाठवला.

पॅच म्हणजे काय, तर मूळ मजकुरातला बदल तेवढाच दाखवणारी फाइल. काढलेल्या ओळीपुढे उणे, घातलेल्या ओळीपुढे अधिक, आणि जागा ओळखता यावी म्हणून वरच्या तीन आणि खालच्या तीन न बदललेल्या ओळी. असे बदल आपोआप बसवणारा पॅच हा प्रोग्रॅम लॅरी वॉलने १९८५ मध्ये लिहिला. दुसऱ्याच्या मजकुरावर इतक्या थोड्यात इतकं नेमकं बोलणारा लेखनप्रकार मला दुसरा माहीत नाही. म्हणूनच त्यात खोटं लिहिलं तर तेही नेमकं बसतं.

मग मी त्या कंपायलरला पहिला प्रोग्रॅम दिला. ‘नमस्कार’ छापणारा, चार ओळींचा. कंपायलर कोसळला.

उणे गुणिले उणे

दोन दिवस मी डीबगरमध्ये होते. कंपायलर सुरू होताना वापरणाऱ्याच्या फोल्डरमध्ये सेटिंगची एक फाइल शोधायचा. असली तर वाचायची, नसली तर सोडून द्यायची. माझ्याकडे ती नव्हती. फाइल वाचणारं फंक्शन असं लिहिलेलं होतं: यश आलं तर किती बाइट वाचले तो आकडा परत द्यायचा, अपयश आलं तर एररचा क्रमांक उणे चिन्ह लावून परत द्यायचा. बोलावणारा पाहतो, आकडा शून्याच्या खाली आहे का? असेल तर चूक.

लिनक्सवर ‘अशी फाइल नाही’ या एररचा क्रमांक २. उणे लावलं की वजा २. सरळ आहे.

हायकूवर मात्र एररचे क्रमांक मुळातच ऋण असतात. बीओएसपासून चालत आलेली पद्धत. ‘अशी फाइल नाही’चा हायकूवरचा क्रमांक आहे वजा २१४,७४,५९,०६९. त्याला उणे लावलं की तो धन होतो. म्हणजे कंपायलरला उत्तर मिळालं: फाइल छान वाचली, २१४ कोटी ७४ लाख ५९ हजार ६९ बाइट आले. जी फाइल अस्तित्वातच नव्हती तिचे! मग तो ते बाइट शोधायला मेमरीत गेला आणि कोसळला.

दोन्ही बाजूंना एकच हवं होतं: चूक शून्याच्या खाली असावी, म्हणजे एकाच आकड्यात यशही मावेल आणि अपयशही. हायकूने उणे चिन्ह आधीच लावून ठेवलं होतं, या कोडने ते दुसऱ्यांदा लावलं.

चूक कोणाची? इथे मला हायकूची बाजू घ्यायची फार इच्छा होती. पण नियम तिच्या विरुद्ध आहे. सी भाषेचं मानक आणि पॉझिक्स दोन्ही एररचे क्रमांक धन असावेत असंच सांगतात. कंपायलरच्या लेखकाने मानकावर विसंबून लिहिलं, त्यात त्याचा दोष नाही. लहान सिस्टिम नेहमी बरोबरच असते असं मानणं हाही एक आळस आहे.

आणि तरीही सगळ्यात मोठा दोष तिसऱ्याच माणसाचा होता. त्या भिंतीवर ‘ही सिस्टिम चालणार नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ते वाक्य कठोर होतं, पण खोटं नव्हतं. मी ते पुसून ‘ही लिनक्सच आहे’ असं लिहिलं. मूळ कोड निदान दारातच थांबवत होता. माझ्या दुरुस्तीने माणसाला आत घेतलं आणि जिन्याची पायरी काढून ठेवली.

दुरुस्तीच्या तीन रीती

पुढे तीन वाटा होत्या. प्रत्येकीची किंमत वेगळी.

पहिली: ‘हायकू असेल तर उणे लावू नकोस’ अशी अट घालायची. एका ओळीत काम होतं. पण उणे असं एकाच ठिकाणी नव्हतं. प्रत्येक ठिकाणी अट घातली की कोड वाचणाऱ्या प्रत्येकाला, ज्याने हायकू कधी पाहिलीही नाही त्यालाही, दर वेळी तिची आठवण ठेवावी लागणार. तो एक दिवस विसरणारच.

दुसरी: हायकूने अशा प्रसंगांसाठी स्वतःच एक दुभाषा ठेवलाय. एक खूण घालून कंपाइल केलं आणि एक छोटी लायब्ररी जोडली की त्या प्रोग्रॅमला एररचे क्रमांक धनच दिसतात. मूळ कोडला हात लावावा लागत नाही. घाईत मी हेच केलं असतं. अडचण अशी की दुभाषा वापरणारा प्रोग्रॅम आणि न वापरणारी लायब्ररी एकमेकांना एररचे क्रमांक द्यायला लागली की पुन्हा तोच घोळ.

तिसरी: यश आणि अपयश एकाच आकड्यात कोंबणं थांबवायचं. फंक्शनने बाइट किती ते एका जागी द्यावं आणि एरर कुठली ते दुसऱ्या जागी. मग क्रमांक धन असो की ऋण, फरक पडत नाही. या बदलात हायकूचं नाव कुठेच येत नाही. कोडला वेगळी सिस्टिम शिकवावी लागत नाही, फक्त त्याचं एक गृहीतक कमी होतं.

ऑटोकॉन्फ, म्हणजे कॉन्फिगर स्क्रिप्टा तयार करणारं साधन, डेव्हिड मॅकेन्झीने १९९१ मध्ये सुरू केलं. त्यामागची दृष्टी अशीच आहे. सिस्टिमचं नाव विचारू नका, तिच्यात काय आहे ते विचारा. सॉकेट मुख्य लायब्ररीत आहे का? नाही? मग लिबनेटवर्कमध्ये बघ. वर मी ज्या ‘नो’ची तक्रार केली तो या दृष्टीचा दोष नव्हे, जुन्या झालेल्या प्रश्नांचा आहे. ‘तू कोण?’ यापेक्षा ‘तुझ्याकडे काय आहे?’ हा प्रश्न मला अजूनही बरा वाटतो. पहिल्या प्रश्नाला यादीबाहेरच्या माणसाकडे उत्तरच नसतं.

मी तिसरी वाट घेतली. चार फाइली, साठेक ओळी. सोबतच्या टिपणात लिहिलं, ‘माझा आधीचा पॅच चुकीचा आहे, कृपया तो काढावा’. हे वाक्य लिहायला साठ ओळींपेक्षा जास्त वेळ लागला.

आधीची खोटी ओळ एका रात्रीत स्वीकारली गेली होती. खऱ्या दुरुस्तीला चार आठवडे लागले. प्रकल्पातल्या मंडळींनी विचारलं, आमच्याकडे हायकूचं यंत्रच नाही, हे तपासणार कोण? प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, नव्या आवृत्तीच्या आधी मला सांगा, मी बिल्ड करून बघेन. तेव्हा कुठे पॅच आत गेला.

मामेभावाच्या सल्ल्याचं उत्तर हेच. लिनक्स टाकली असती तर माझं काम एका संध्याकाळीत झालं असतं आणि ते फंक्शन तसंच राहिलं असतं. जिथे सगळं चालतं तिथे गृहीतक दिसत नाही. ते दिसायला कोणीतरी यादीबाहेरच्या यंत्रावर बसून बिल्ड मोडावं लागतं. मग मात्र लगेच ‘लिनक्सच समज’ लिहून मोकळं होऊ नये. मी झाले होते.

नवी आवृत्ती येणार असल्याचा निरोप गेल्या आठवड्यात आला. शब्द दिला होता, म्हणून बिल्ड लावलं. या वेळी कॉन्फिगर नीट पार पडली, लिंकर गप्प होता, आणि चाळिसाव्या मिनिटाला एक हेडर फाइल सापडली नाही. मी कॉन्फिग.लॉग उघडून पहिल्या ‘नो’पासून वाचायला घेतलं आहे.